सूर्य-पृथ्वी-चंद्राची फिरती प्रतिकृती : चंद्रोदय चोख, चंद्रकला मात्र घोटाळ्यात

मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या माडीवर मी गेली अकरा वर्षे पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. चंद्राच्या कलांचा विषय दरवर्षी येतो आणि दरवर्षी फळ्यावर आठ वर्तुळे काढून, त्यांतील काही भाग खडूने भरून मी तो पुढे ढकलत आले आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. या वर्षी मात्र मनाशी ठरवून राजारामपुरीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची हाताने फिरवायची प्रतिकृती आणली. छापील किंमत २,१०० रुपये होती. शिकवणीसाठी हवी आहे म्हटल्यावर १,८५० रुपयांना मिळाली. दुकानदार म्हणाले, "ताई, डोळे झाकून न्या. सगळ्या शाळांत हेच जातंय बघा." डोळे झाकून नेण्यासारखी ती वस्तू नाही. ती टाकून देण्यासारखीही नाही. तीन महिने मुलांच्या हातून आणि माझ्या हातून ती जी काही फिरली, त्यावरून झालेले मत येथे लिहीत आहे.

खोक्यात येते ते असे. काळ्या प्लॅस्टिकच्या बैठकीच्या मध्यभागी पिवळ्या गोळ्यात बसवलेला एलईडी दिवा म्हणजे सूर्य. त्याला तीन पेन्सिल सेल लागतात आणि ते आपल्यालाच आणावे लागतात. त्या दिव्यापासून निघणाऱ्या आडव्या दांडीच्या टोकाला ८ सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल आहे आणि त्या गोलाभोवती फिरणाऱ्या १४ सेंटिमीटर लांबीच्या तारेच्या टोकाला २ सेंटिमीटरचा चंद्र आहे. मूठ फिरवली की रबरी पट्टा आणि दातेरी चाके यांच्या जोरावर चंद्र पृथ्वीभोवती आणि दोघे मिळून सूर्याभोवती फिरू लागतात. पृथ्वीचा गोल मात्र बोटाने स्वतंत्रपणेही फिरवता येतो, आणि ही सोय पुढे फार उपयोगी पडली. सोबत चंद्राच्या आठ चित्रांचे एक कार्ड आणि हिंदी-इंग्रजीत छापलेले एक घडीपत्रक आहे. मराठीत एक ओळही नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार या घडीपत्रकाबद्दल आहे. त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात असे म्हटले आहे की, पृथ्वीची सावली चंद्रावर कमी-अधिक पडत असल्यामुळे चंद्राचा आकार महिनाभर बदलत राहतो. हे साफ चूक आहे. ही समजूत केवळ मुलांचीच आहे असेही नाही. चांगली शिकलेली माणसेही विचारल्यावर क्षणभर थांबून हेच उत्तर देतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण चंद्राचा एखादा भाग काळा पडलेला दिसला की कोणाची तरी सावली पडली असेल असेच मनात येते. परंतु विज्ञानाचे साहित्य म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने तीच समजूत छापून घट्ट करावी, याला माफी नाही.

मी ते पत्रक मुलांसमोर वाचून दाखवले आणि ते खरे की खोटे हे चंद्राकडे बघूनच ठरवू, असे सांगितले. शुद्ध अष्टमीच्या दुपारी साडेचार वाजता सगळ्यांना गच्चीवर नेले. सूर्य पश्चिमेकडे कलला होता आणि अर्धा चंद्र पूर्वेकडच्या आकाशात बराच वर चढलेला होता. एक हात सूर्याकडे आणि दुसरा चंद्राकडे केला की दोन हातांमध्ये काटकोन होतो. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. त्या वेळी ती पूर्वेच्या क्षितिजाखाली गेलेली होती आणि चंद्र तिच्यापासून आकाशाच्या पाव फेरीइतका दूर होता. मग चंद्राचा उरलेला अर्धा भाग काळा कोणी केला? सातवीतील एका मुलीने त्याहून नेमका मुद्दा काढला. ती म्हणाली, "बाई, पृथ्वी गोल आहे ना, मग सावलीची कड सरळ कशी येईल?" अष्टमीच्या चंद्राची प्रकाश आणि अंधार यांमधील कड खरोखरच सरळ असते आणि एकादशी-द्वादशीला तर ती बाहेरच्या बाजूला फुगलेली असते. गोलाची सावली चंद्राचा लचका तोडल्यासारखा आकार देईल. फुगवटा ती कधीच देऊ शकणार नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तेव्हा जे दिसते ते ग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकराच्या सुमारास खग्रास अवस्था सुरू झाली आणि ८२ मिनिटांत संपली. सावली काही तासांत येऊन जाते. कला वाढायला पंधरा दिवस लागतात आणि उतरायला पंधरा.

दुर्दैवाने पत्रकातील ही चूक प्रतिकृतीच्या रचनेतही उतरली आहे. चंद्राची तार पृथ्वी आणि सूर्य यांच्या अगदी एकाच पातळीत फिरते. त्यामुळे खोलीत अंधार करून चंद्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पौर्णिमेच्या जागी नेला की तो पृथ्वीच्या गोलामागे पूर्ण दडतो आणि काळा ठिक्कर पडतो. ज्या दिवशी चंद्र सर्वांत तेजस्वी दिसायला हवा, त्याच दिवशी या यंत्रात दर महिन्याला खग्रास ग्रहण लागते. अमावास्येला न चुकता सूर्यग्रहण लागते ते वेगळेच. मुलांनी हे पाहिल्यावर पत्रकच खरे असले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले तर त्यांचा दोष काय?

प्रत्यक्षात चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. हा कोन ऐकायला किरकोळ वाटतो, पण चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर असल्यामुळे तेवढ्याशा कलाने तो सावलीच्या ३४,००० किलोमीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो, आणि त्या अंतरावर पृथ्वीची दाट सावली जेमतेम ९,००० किलोमीटर रुंद उरलेली असते. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. प्रतिकृतीच्या मापात हेच मांडायचे तर ८ सेंटिमीटरच्या पृथ्वीपासून चंद्र १४ सेंटिमीटरवर नव्हे, जवळजवळ २ मीटर ४० सेंटिमीटरवर हवा. आमच्या माडीच्या एका भिंतीजवळ पृथ्वी धरली तर चंद्र जवळपास समोरच्या भिंतीवर जातो. सूर्य त्याच मापाने पावणेनऊ मीटर व्यासाचा करावा लागेल आणि तो सुमारे ९४० मीटरवर ठेवावा लागेल; आमच्या घरापासून भवानी मंडप साधारण तेवढाच लांब आहे. हे खोक्यात मावणार नाही हे मलाही कळते, आणि माप सोडल्याबद्दल मी कंपनीला दोष देत नाही. माप सोडले आहे एवढी एक ओळ मात्र पत्रकात असायला हवी होती.

कोल्हापुरात राहण्याचा फायदा असा की, यंत्र बिघडलेले असो वा मुळातच चुकीचे असो, उद्यमनगरात कोणी ना कोणी ते हातात घेऊन बघतो. आमच्या घरच्यांच्या ओळखीच्या एका लेथवाल्यांकडे मी ही प्रतिकृती घेऊन गेले आणि चंद्राच्या तारेला वर-खाली करता येईल असा सांधा बसवून द्या, असे सांगितले. "किती अंश?" असे त्यांनी विचारले. मी ५ म्हणाले. त्यांनी पाच अंशांवर तार धरून दाखवली, तर चंद्र सव्वा सेंटिमीटरच वर गेला आणि पृथ्वीमागे तसाच दडून राहिला, कारण अंतर दाबून १४ सेंटिमीटर केलेले आहे. अखेर बावीस अंशांपर्यंत तार उचलावी लागली, तेव्हा कुठे पौर्णिमेच्या चंद्रावर दिव्याचा प्रकाश पडला. खरा कोन दिला तर खोटे दिसते आणि खोटा कोन दिला तर खरे दिसते, अशी ही गंमत आहे. ही दुरुस्ती चाळीस रुपयांत झाली आणि आता वर्षातून दोनदाच, तार आडवी असताना, ग्रहण लागते. मुलांना मी दोन्ही स्थिती दाखवते.

रंगाची एक चूकही येथेच सांगते. कारखान्यातून येतो तेव्हा चंद्राचा गोळा अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असतो आणि तारेला पक्का चिकटवलेला असतो. तार फिरते तसा पांढरा भागही फिरतो, म्हणजे तो कायम सूर्याकडे राहत नाही, पृथ्वीकडे राहतो. कल्पना अशी करून दिली जाते की चंद्राची एक बाजू मुळातच काळी आहे. आपल्याला चंद्राची एकच बाजू दिसते हे खरे, पण पलीकडच्या बाजूलाही आपल्या इतकेच ऊन मिळते. अमावास्येला तर भर दुपार तिकडेच असते. चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, आपल्या सुमारे पावणेपंधरा दिवसांचा असतो. चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी, नागपंचमीनंतर दोनच दिवसांनी, शुद्ध सप्तमीला उतरला, तो त्या जागी सकाळ होत असताना, आणि आपले काम त्याला एका चांद्रदिवसातच उरकावे लागले. पृथ्वीवरून कलेची जी कड सरकताना आपण पाहतो, तीच कड तेथे सूर्योदय आणि सूर्यास्त घेऊन जाते. मी काळा रंग सँडपेपरने घासून काढला आणि गोळा पूर्ण पांढरा रंगवला. काळे-पांढरे करायचे काम दिव्यावर सोपवले की ते बिनचूक होते.

एवढे करूनही मूळ अडचण राहिलीच. टेबलाभोवती उभ्या राहिलेल्या मुलांना चंद्र कोठेही असला तरी अर्धा उजळलेला आणि अर्धा अंधारात दिसतो, कारण ती सगळी बाहेरून, जणू पृथ्वी सोडून अवकाशात उभी राहून बघत असतात. कला दिसण्यासाठी डोळा पृथ्वीच्या जागी हवा, आणि १४ सेंटिमीटरच्या फटीत डोके घालता येत नाही. यावर आठवीतल्या एका मुलाने उपाय काढला. त्याने पृथ्वीचा गोल स्क्रू काढून बाजूला केला, त्या जागी मोबाईल उभा केला आणि कॅमेरा चंद्राकडे करून तो तारेबरोबर हळूहळू फिरवत नेला. खिडकीवर घोंगडी टाकून अंधार केला होता. मोबाईलच्या पडद्यावर प्रथम काहीच नव्हते, मग बारीक कोर आली, मग ती जाड झाली, अर्धा चंद्र झाला, फुगला, भरला. आणि खोलीतील सगळी मुले एकदम गप्प झाली. "कलेकलेने वाढणे" हा वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरत आले. त्याचा अर्थ त्या दिवशी पडद्यावर सरकताना पाहिला. हे दृश्य पत्रकात सुचवलेले नाही, पण प्रतिकृती घेतलीच असेल तर हे करून बघितल्याशिवाय ती कपाटात ठेवू नये.

मात्र हेच काम याहून स्वस्तात आणि अधिक खरेपणाने होते, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेला एक माठ सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर उंच ठेवावा आणि मुलांना त्याभोवती फिरायला सांगावे. सूर्याकडे पाठ करून पाहिले तर माठ पूर्ण उजळलेला दिसतो, बाजूने पाहिले तर अर्धा, आणि माठाच्या मागे जाऊ लागले की एका कडेला उन्हाची बारीक कोर उरते. माठ तोच, ऊन तेच, बदलली ती आपली जागा. हा दाखला माझा नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने चंद्राला उन्हातल्या घड्याचीच उपमा दिली आहे आणि चंद्राचा उरलेला अर्धा भाग त्याच्या स्वतःच्याच सावलीने काळा असतो, असे स्पष्ट म्हटले आहे; चंद्र सूर्याच्या प्रकाशाने उजळतो आणि ग्रहणे सावल्यांमुळे लागतात हे त्याआधी, इ.स. ४९९ च्या सुमारास, आर्यभटाने मांडले होते. दीड हजार वर्षांपूर्वी जे नीट सांगितले गेले ते आजच्या रंगीत घडीपत्रकात उलटे छापले जावे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

दुसरा प्रयोग त्याच अष्टमीच्या दुपारी केला. दहा रुपयांचा थर्माकोलचा गोळा पेन्सिलीला टोचला आणि प्रत्येक मुलाने तो हात लांब करून आकाशातल्या चंद्राच्या अगदी शेजारी धरला. गोळ्यावर ऊन पडले होते, चंद्रावरही तेच ऊन पडले होते, आणि दोन्हींचा आकार तंतोतंत सारखा होता : अर्धा उजळ, अर्धा काळा, कडेचा कलही तोच. गोळ्यावर पृथ्वीची सावली नाही हे कोणालाही सांगावे लागले नाही. १,८५० रुपयांच्या यंत्राने जे तीन दुरुस्त्यांनंतर साधले, ते दहा रुपयांच्या गोळ्याने एका क्षणात साधले. अट एकच, चंद्र आणि सूर्य दोघेही आकाशात हवेत. म्हणजे शुद्ध पक्षात दुपारनंतर किंवा वद्य पक्षात सकाळच्या शाळेला जाण्याच्या वेळी.

सोबतच्या कार्डाबद्दल थोडेसे. त्यावरील कोर इंग्रजी 'सी' अक्षरासारखी, किंवा तिच्या उलट, ताठ उभी दाखवली आहे. युरोपातल्या आकाशात ती पुष्कळदा तशी दिसतही असेल, पण कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला केवळ १६.७ अंशांवर आहे आणि आपल्याकडे संध्याकाळच्या आकाशात चंद्राचा मार्ग पश्चिम क्षितिजावर बराच उभा असतो, माघ-फाल्गुनात तर जवळजवळ सरळ उभा. त्यामुळे मावळलेला सूर्य कोरीच्या जवळजवळ खाली असतो आणि कोर होडीसारखी आडवी दिसते. फाल्गुन शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी मुलांना रंकाळ्यावर नेले होते. पाण्यापलीकडे पश्चिमेला तांबूस उजेड होता आणि त्यावर बिजेची कोर दोन्ही टोके वर करून पडलेली होती. "कार्ड चुकलंय," असे मुलांनीच जाहीर केले. खरे म्हणजे आपल्या बायका कपाळावर जी चंद्रकोर लावतात ती आडवीच असते. ज्याने ती पहिल्यांदा रेखली त्याने आकाशाकडे बघून रेखली, कार्डाकडे बघून नव्हे. त्याच संध्याकाळी एका मुलाला कोरीच्या आत उरलेला चंद्रही राखाडी रंगात अंधुक दिसला. पृथ्वीवर पडलेले ऊन उलटून चंद्रावर जाते आणि तेथून परत आपल्याकडे येते, त्याचा तो उजेड. शिवरायांच्या राजमुद्रेतील प्रतिपदेची चंद्रलेखा मुलांना पाठ असते, पण प्रतिपदेची कोर इतकी नाजूक आणि इतकी लवकर मावळणारी असते की बहुधा बिजेलाच पहिले दर्शन होते. शिकवणीतल्या दोन मुलांनी यावर लगेच माना डोलावल्या. ईदचा चाँद बघायला गच्चीवर धावावे लागते आणि जरा उशीर केला की तो हातचा जातो, हे त्यांना घरूनच ठाऊक होते.

आता या प्रतिकृतीचे कौतुक. ज्या एका गोष्टीत ती खरोखर सरस आहे, तिचा उल्लेख खोक्यावर कोठेही नाही, आणि ती गोष्ट म्हणजे चंद्र कधी उगवेल आणि कधी मावळेल हे ताडणे. मी माझ्या पाकिटातील लाल टिकली काढून पृथ्वीच्या गोलावर महाराष्ट्राच्या जागी चिकटवली. ते आमचे कोल्हापूर. गोल बोटाने पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा. टिकली उजेडाच्या कडेवर येऊन अंधारात शिरू लागली की आपल्याकडे सूर्यास्त झाला. त्या क्षणी चंद्र कोठे आहे ते बघायचे. शुद्ध अष्टमीचा चंद्र टिकलीच्या बरोबर समोर, म्हणजे डोक्यावर असतो. पौर्णिमेचा चंद्र टिकलीच्या पूर्व क्षितिजावर असतो, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवतो. कोजागिरीचे दूध रात्रभर चंद्रप्रकाशात ठेवता येते ते यामुळेच. अमावास्येचा चंद्र सूर्याबरोबरच बुडालेला असतो. वद्य अष्टमीचा अजून पृथ्वीच्या पाठीमागे असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो.

हे चालू असताना सासूबाई माडीवर आल्या. त्या गेली चाळीस वर्षे संकष्टी करतात आणि चंद्रोदयाची वेळ त्यांना पंचांग न उघडता सांगता येते. त्या म्हणाल्या, "अगं, मग तुझ्या यंत्रात संकष्टीचा चंद्र काढून दाखव की." पौर्णिमेपासून पुढे चार तिथ्या मोजून चंद्र सरकवला, टिकली सूर्यास्तावर आणली आणि तेथून चंद्र क्षितिजावर दिसेपर्यंत गोल फिरवला. गोल एका फेरीच्या सुमारे आठव्या भागाइतका फिरला. चोवीस तासांचा आठवा भाग तीन तास, साडेसहात तीन मिळवले की साडेनऊ. सासूबाई म्हणाल्या, "नऊ वाजून दहा-वीस मिनिटं. पण बरोबर आहे." चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, हे वाक्य मी वर्षानुवर्षे पाठ करून घेतले होते, ते का, हे टिकली फिरवताना मुलांच्या हाताला कळले. चंद्र एका दिवसात पुढे सरकलेला असतो, म्हणून पृथ्वीला त्याला गाठायला थोडे जास्त फिरावे लागते.

बैठकीवरच्या चकतीवर इंग्रजी महिने आणि कलांची आठ इंग्रजी नावे छापली आहेत. आपल्या उपयोगाची तिथी तेथे नाही. म्हणून कार्डशीटची एक कडी कापली, कोनमापकाने तिचे १२-१२ अंशांचे तीस भाग पाडले, त्यांवर शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच्या तिथ्या लिहिल्या आणि अमावास्येची खूण सूर्याकडे ठेवून ती पृथ्वीखाली सरकवली. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते, एवढी सरळ व्याख्या आहे, पण चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत संपते तर कधी २६ तासांपर्यंत लांबते, आणि म्हणून पंचांगात क्षयतिथी आणि वृद्धितिथी येतात. यंत्रातला चंद्र मात्र घड्याळासारखा एका चालीने चालतो. तिथीचा क्षय त्याला माहीत नाही. त्याला अधिक महिनाही माहीत नाही. सूर्याभोवतीच्या एका फेरीत तो बरोबर बारा महिने करतो, तर खरा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्यामुळे बारा महिने ३५४ दिवसांतच संपतात आणि वर्षाला सुमारे अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला २०२३ मध्ये श्रावण आणि २०२६ मध्ये ज्येष्ठ, असे महिने अधिक धरावे लागतात. याबद्दल मी गुण कापलेले नाहीत. उलट, चंद्राने पृथ्वीभोवतीची खरी फेरी २७.३ दिवसांत पुरी केली तरी तेवढ्या काळात पृथ्वी पुढे सरकलेली असल्यामुळे पुन्हा अमावास्या यायला आणखी दोन दिवसांहून जास्त लागतात, हे मूठ हळू फिरवली तर फार सुंदर दिसते. पुस्तकातल्या आकृतीत हे मला कधीच नीट दाखवता आले नव्हते.

बाकी बांधणी सुमार आहे. दिव्याचा उजेड इतका मंद की दिवसा काहीच कळत नाही आणि सेल दोन आठवड्यांत उतरतात. रबरी पट्टा पंधराव्या दिवशी सैल पडून घसरू लागला. दुकानात विचारले तर सुटा पट्टा मिळत नाही, पूर्ण नग बदलून हवा असेल तर कंपनीला कळवतो, असे उत्तर मिळाले आणि ते कळवणे अजून चालूच आहे. लक्ष्मीपुरीत शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात पंधरा रुपयांत मापाचा पट्टा मिळाला आणि तो आजवर टिकला आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर आणली तशी प्रतिकृती दोन गुणांची आहे. सांधा, पांढरा रंग, टिकली आणि तिथींची कडी यांसह ती चार गुणांची होते. ज्या घरात एकच मूल आहे आणि फक्त कला समजावून सांगायच्या आहेत, त्यांनी थर्माकोलचा गोळा घ्यावा आणि पैसे वाचवावेत. शिकवणी घेणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरी संकष्टी पाळली जाते त्यांनी, ही वस्तू जरूर घ्यावी, पण घडीपत्रक मुलांच्या हाती देऊ नये.

दुकानदारांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच मराठीत एक कागद लिहून द्या, मी झेरॉक्स काढून खोक्यात टाकतो." मी एका पानात सावलीची चूक, माठाचा दाखला आणि टिकलीची रीत लिहून दिली. गेल्या आठवड्यात तेथे गेले असता त्यांनी अभिमानाने एक खोके उघडून दाखवले. माझा कागद आत होता. त्याखाली मूळ घडीपत्रकही होते.